आपल्या घराखाली

त्या शहराचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. ज्यांना माहीत होतं ते हजारो वर्षांपूर्वी उठून गेले, जाताना पाटी लावायची राहिली. सरकारी कागदात टेकाडाला नंबर आहे, त्यातल्या घरांनाही नंबर आहेत. पण तिथे राबणाऱ्या आम्हा माणसांना नंबरात बोलता येत नाही, म्हणून आम्ही एकेका घराला नाव ठेवलं. आणि नाव ठेवायला बसलेला माणूस नावं ठेवल्याशिवाय उठतो थोडाच! बुटक्या दाराचं ते कंजूषाचं घर, कारण पाहुणा वाकून आत येईपर्यंत आतल्यांनी जेवणं उरकली असणार. जिथे एक भांडं धड निघालं नाही ते भांडखोरांचं. ऐसपैस न्हाणी होती ते जावयाचं, कारण एवढी बडदास्त घरच्या माणसाची कोण ठेवतो? खोदकाम बघणाऱ्या मॅडम आधी नुसत्या हसायच्या, मग त्याही ‘भांडखोरांच्या घरातली टोपली आणा’ म्हणायला लागल्या.

शहर सापडलं ते चोरीतून. वीटभट्टीवाले माती काढायला टेकाडावर गेले आणि कुदळीला भाजलेली वीटच लागली. मग माती कोण मळत बसतो? आमच्या आख्ख्या वस्तीनं दोन पिढ्या आयत्या विटा नेल्या. कुणाच्या गोठ्याला, कुणाच्या ओट्याला, चौकीच्या पायरीलासुद्धा. पुढे रस्ता करताना जमिनीखालून एक लांबलचक गटार निघालं. दोन्ही बाजूंना विटा, वर विटांचं छत, आत माणूस सरपटत जाईल एवढी जागा. ते पाहायला शहरातून शिकलेली माणसं आली आणि त्यांतल्या मॅडम राहिल्या. एवढं गटार बांधणारे लोक झोपड्यांत राहत नसणार, हे त्यांनी ओळखलं आणि खणायला सुरुवात केली.

मॅडम तशा शांत. चिडायच्या ते एकाच गोष्टीवर. ‘काढलेली वीट फेकायची नाही. ज्या क्रमानं निघाली त्या क्रमानं बाजूला रांगेत मांडायची.’ हे त्यांचं पालुपद आम्हाला झोपेतसुद्धा पाठ होतं.

माझं काम खापऱ्या धुण्याचं. टोपल्या भरून यायच्या, मी ब्रशनं एकेक तुकडा घासून जाळीवर वाळत घालायची. कुठे बुडाला काजळी, कुठे कडेला अंगठ्याचा ठसा, कुठे कान चिकटवताना कुणाचं नख लागलेलं. कोण कुठल्या बाया, मरून माती झाल्या, आणि त्यांची खरकटी भांडी मी घासतेय. माझी स्वतःची कालची तशीच पडलीत, असं मी म्हणायची. लोक हसायचे. मला खरंच राग यायचा.

आमच्या घराला कुणी नाव ठेवलं असतं तर ते दोन चुलींचं घर. आधी चूल एकच होती. मोठे दीर, थोरली जाऊ, आमचे हे आणि मी, अशी चार माणसं. वेगळं व्हायला कारण काय, तर एक पळी. सासूबाईंची, लोखंडी, लांब दांड्याची. ती चुलीत कोण विसरलं आणि तिचा दांडा कुणामुळे वाकला, यावरून मी आणि थोरली असं काही भांडलो की त्यात दोघींची माहेरं, दोघींचे हात आणि दोघींच्या जिभा, सगळ्याचा उद्धार झाला. पळी तिच्याकडे गेली. मी वेगळी चूल मांडली.

दोघा भावांचं आपसात काहीच वाकडं नव्हतं. बायकोच्या बाजूनं उभं राहायचं म्हणून ते उभे राहिले आणि उभेच राहिले. सासऱ्यांनी टेकाडावरून आणून अंगणात रचलेल्या विटा होत्या, त्यांनी स्वयंपाकघरात मधोमध भिंत घातली. तीही दोघांनी मिळून. एक वीट देत होता, दुसरा लावत होता. भिंत डोक्याच्या वर गेली आणि दोघांची बोलणी बंद झाली.

आम्ही बायका थोड्याच दिवसांत बोलायला लागलो. भिंतीपलीकडून तिच्या चिरण्याचा आवाज यायचा, मी विचारायची, ‘मीठ आहे का गं?’ आणि मीठ भिंतीवरून यायचं. भाऊ मात्र ‘आधी तो बोलू दे’ यावर अडून बसले. एकाच कामावर जायचे, एकाच वाटेनं, दहा पावलं मागेपुढे. कुणी विचारलंच तर ‘आमचं स्वयंपाकघर’, ‘त्यांचं स्वयंपाकघर’. आपलं हा शब्द त्या घरातून गेला. आपलं म्हटलं की ऐकणारा त्यात येतो आणि आमचं म्हटलं की बाहेर राहतो. दोघांनी एकमेकांना बाहेरच ठेवलं होतं.

मोठे दीर कुदळीवर होते. साऱ्या कामावर त्यांना दादा म्हणत. आमच्या ह्यांचं कामावरचं नाव घुशा. अंगानं काटकुळे, खांदे एवढेसे, घूस बिळात शिरावी तसे त्या गटारात शिरायचे. पोटावर सरपटत जायचं, साचलेला गाळ मागे लोटायचा, डोक्याच्या दिव्यानं गटार कुठे वळतं ते बघायचं आणि बाहेर येऊन मॅडमना सांगायचं. मला ते काम पहिल्यापासून आवडलं नव्हतं. ‘हजारो वर्षांचं सांडपाणी तुम्हीच उपसायला हवं का?’ असं मी म्हटलं की म्हणायचे, ‘अगं, घाण जिवंत माणसाची असते. यांची कधीच वाळून गेली.’

दुपारी आम्ही दोघं भाकरतुकडा खायला पश्चिमेकडच्या एका घरात बसायचो. एकच खोली, एक चूल, कोपऱ्यात हातभर मोरी. भिंती छातीपर्यंत शिल्लक होत्या, त्यांची सावली पडायची. पाय लांब करून हे म्हणायचे, ‘बघ, सासू नाही, जाऊ नाही, भांडायला मधली भिंतसुद्धा नाही. हे आपलं घर.’ मी म्हणायची, ‘वर छप्पर नाही ते दिसत नाही वाटतं.’ तरी मला ते घर आवडायचं. जेवण झालं की मी तिथे उगाच फडकं मारायची.

त्या दिवशी सकाळी घरातून निघताना आमचं काही विशेष बोलणं झालं नाही. अंघोळीचं पाणी सांडलं म्हणून मी करवादले, हे ‘येतो’ म्हणून गेले. नंतर मी ते आठवून आठवून त्यात काही सापडतंय का ते पाहिलं. नाही सापडलं.

मोठ्या गटाराला पुढे दोन फाटे फुटतात, एक पश्चिमेला आणि एक पूर्वेला, एवढं मॅडमनी नकाशावरून ताडलं होतं. फाट्यापलीकडे कुणी गेलं नव्हतं. ह्यांच्या कमरेला दोरी बांधली, तोंडाशी लावलेले लाकडी टेकू मॅडमनी स्वतः हलवून पाहिले आणि हे आत गेले. मी लांब माझ्या हौदापाशी खापऱ्या धूत होते. शेजारच्या खोलीत कुणी धान्याचं पोतं टाकावं तसा धप्प आवाज झाला. पाहिलं तर गटाराच्या तोंडातून धूळ बाहेर येत होती आणि दोरी धरणारा माणूस दोरी ओढत होता. दोरी सरासर येत गेली आणि शेवटी तुटकं टोक त्याच्या हातात आलं.

कोण ओरडलं, कोण धावलं, मला सांगता येणार नाही. तोंडाकडून माती उपसायला सुरुवात झाली, पण काढावी तितकी वरून येत होती. गल्लीत थोडं पुढे त्या लोकांनी गाळ काढायला बांधलेली एक चौकोनी कुंडी होती. तिला गटारातून भाजक्या मातीचा नळ यायचा, हात जाईल एवढाच. मी तिथे पोचले तेव्हा मोठे भावजी पालथे पडून त्या नळाला तोंड लावून ओरडत होते.

‘कुठंयस? अरे, कुठंयस तू?’

एवढ्या वर्षांत भावाशी बोललेला पहिला शब्द, तोही गटारात. उत्तर आलं नाही. ते पुन्हा ओरडले, कान लावला, पुन्हा ओरडले. तेवढ्यात तोंडाकडून हाका आल्या, ‘दादा, पहार! पहार घेऊन या!’ ते उठून धावले. त्यांच्या जागी मी पालथी पडले आणि मी हाक मारायच्या आधीच आतून आवाज आला. मडक्यात तोंड घालून बोलावं तसा, पण त्यांचाच.

‘आपल्या घराखाली आहे.’ मग खोकल्याची उबळ. ‘आपल्या घराच्या... मोरीखाली. वरनं खणा.’

‘कळलं!’ मी ओरडले. ‘कळलं, येतोच आम्ही!’

पुन्हा आवाज आला नाही. मला वाटलं, ऐकलं असेल, आता दम राखत असतील.

मी धावत मॅडमकडे गेले. जिवंत आहेत म्हटल्यावर त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. ‘कुठे? पश्चिमेच्या फाट्यात की पूर्वेच्या?’

‘पश्चिमेच्या. आम्ही जेवतो त्या घराखाली. त्यांनीच सांगितलं.’

‘नीट ऐकलंत ना? खात्री आहे?’

‘बायको आहे मी त्यांची,’ मी म्हणाले. यावर कोण काय बोलणार? मॅडमनी अर्धी माणसं तोंडाशी ठेवली आणि बाकी सगळी पश्चिमेला पळाली.

आमच्या त्या घरात कुदळी पडल्या. ज्या जमिनीवर मी रोज फडकं मारायची ती आम्ही फोडली. विटा फेकल्या जात होत्या, पण आज कुणी काही म्हणत नव्हतं, मॅडम स्वतः फेकत होत्या. भावजी कुणाकडे न बघता घाव घालत होते, त्यांच्या सदऱ्याची पाठ ओली होऊन अंगाला चिकटली होती. मी टोपल्या वाहत होते. उन्हानं डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तरी मनात मी ह्यांना शिव्या देत होते. बाहेर या, मग दाखवते तुम्हाला. उद्यापासून खापऱ्या धुवायला बसा माझ्याबरोबर. शिव्या देत होते तोवर मला धीर होता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मोरीखालचं गटार लागलं. भावजींनी छताच्या विटा उचकटल्या. सगळे वाकून बघायला लागले. आत काळा गाळ होता, काठोकाठ, दगडासारखा. मॅडम खाली उतरल्या, गवंड्याकडे असते तसल्या करणीनं तो खरवडला आणि हात लावून पाहिला.

‘इथे कुणी आलेलंच नाही,’ त्या हळू म्हणाल्या. ‘हा गाळ त्या लोकांच्या वेळेपासून हललेला नाही.’

‘असं कसं?’ मी किंचाळले. ‘त्यांनी सांगितलं मला! माझ्या कानांनी ऐकलं! आपल्या घराखाली, आपल्या घराच्या मोरीखाली!’

भावजींची कुदळ थांबली. तोवर त्यांना कुणी शब्द सांगितलेच नव्हते, फक्त पश्चिमेला चला एवढंच सांगितलं होतं. ते वर चढून माझ्यासमोर आले. वेगळी चूल झाल्यापासून ते माझ्याशी थेट बोलले नव्हते.

‘काय म्हणाला? आमच्या की आपल्या?’

‘आपल्या.’

‘कुठे म्हणाला? कुंडीपाशी?’

‘तुम्ही पहार आणायला गेलात तेव्हा.’

‘तू हाक मारली होतीस?’

मी आठवलं. मी हाक मारलीच नव्हती. मी नुसती पालथी पडले होते.

‘हाक मी मारली होती,’ भावजी म्हणाले. ‘धाकटे, तो मला म्हणाला. ते उत्तर माझं होतं.’

आणि ते पूर्वेकडे बघायला लागले. पूर्वेला घर दिसतच नव्हतं. तिथे मातीचा ढीग होता. सगळ्या खणलेल्या घरांची माती आम्ही इतकी वर्षं तिथे नेऊन ओतत होतो.

‘पहिल्या वर्षी लागलेलं लांब घर,’ मॅडम पुटपुटल्या. त्यांना लगेच कळलं. ‘पण ते तर आपण बुजवलं.’

उघड्यावर विटा खारानं लोणा लागून झडतात, म्हणून नकाशे झाले की घरं पुन्हा मातीनं भरून टाकतात. ते लांब घर असंच बुजवलं होतं. ते शोधलं होतं ह्या दोघा भावांनी, पहिल्याच वर्षी, दोघांच्या कुदळी एकाच भिंतीला लागल्या होत्या. तेव्हा मी कामावर नव्हते. घरी थोरलीबरोबर एका चुलीवर चौघांचं रांधत होते आणि डबा एकच यायचा. दोघं त्या घरात बसून एका डब्यात जेवायचे. तिथे एक लांब चूल निघाली होती, चार भांडी एका ओळीत बसतील अशी. भावजी म्हणाले होते, ‘हे बघ, आपलं घर.’ दोघांशिवाय ते नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही ह्यांनी सांगितलं नव्हतं. पुढे वेगळी चूल झाली, मग सांगणार तरी कोणत्या तोंडानं?

भावजी ढिगाकडे धावले. आम्ही सगळे त्यांच्या मागे.

त्या ढिगाचं काय सांगू? आम्हीच घातलेली माती. मी धुतलेल्या खापऱ्यांतल्या टाकाऊ तुकड्यांच्या टोपल्यासुद्धा तिथेच ओतल्या होत्या. एवढं ओझं वर पडल्यावर खालचं जुनं छत किती सोसणार? हा विचार मला तेव्हा आला नाही, नंतर आला आणि मग कधी गेला नाही. तेव्हा फक्त माती दिसत होती. वस्तीत बातमी पोचली होती. माणसं घमेली, बादल्या, पत्र्याचे डबे, हाती लागेल ते घेऊन आली. भट्टीवाले आले, ज्यांच्याशी आमचं धड बोलणंही नाही ते आले. थोरली आली. ती माझ्याकडे न बघता पदर खोचून रांगेत उभी राहिली. कुणी ओरडत नव्हतं. मातीचा आणि श्वासांचाच आवाज. मी अधूनमधून कुंडीकडे धावत जायची, नळाला तोंड लावून हाक मारायची. आता नीट हाक मारत होते. ‘अहो! इकडे आहोत आम्ही! आता बरोबर येतोय!’ आणि कान लावायची. नळातून गार हवा यायची, बाकी काही नाही.

दिवस मावळताना भिंती लागल्या. मग ती चूल. मी ती पहिल्यांदाच पाहिली. लांबलचक, चार भांड्यांच्या चार खाचा, आतली काजळी अजून काळीभोर. समोरच्या विटा झिजून खोलगट झाल्या होत्या, एकीला लागून दुसरी, अशा बाया उभ्या राहून राहून. एका खाचेच्या कडेवर कुणीतरी बोटानं सारवल्यासारखे ओरखडे होते. एरवी मी तिथे बसून थोरलीला शंभर गोष्टी सांगितल्या असत्या. तेव्हा मी त्या चुलीवर पाय देऊन पुढे गेले.

मोरी चुलीच्या मागेच होती. तिथे भावजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. कुदळ मारावी तर खाली माणूस. आता हातानं आणि करणीनंच काढायचं. करण्या तीनचार होत्या, माणसं पुष्कळ. थोरली पुढे घुसली, गुडघ्यांवर बसली आणि कमरेला खोचलेली पळी काढून विटांमधली माती खरवडायला लागली. तीच पळी, वाकड्या दांड्याची. घरातून निघताना हाताला लागली ती तिनं घेतली असेल. तिच्या ते ध्यानात होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

मोरीच्या विटांचे थर होते. वरचा थर निघाला. दुसऱ्या थरातली एक वीट भावजींनी धरली तर ती ओढायच्या आधीच हलली. ते माझ्याकडे बघायला लागले. ती वीट खालून सैल केलेली होती.

‘खालनं खणतोय तो!’ कुणीतरी ओरडलं.

मग कुणी कुणाला आवरलं नाही. विटा भराभर निघाल्या आणि खाली अंधार दिसला. भावजींनी खांद्यापर्यंत हात घातला आणि ‘सापडला’ म्हणाले. ‘हात धरलाय. गरम आहे. गरम आहे हात!’

गरम होता. मीसुद्धा धरला, माझी शपथ. त्यांना वर काढलं तेव्हा अंग गरम होतं, केसांत, पापण्यांवर, ओठांवर माती होती, आणि मी त्यांचं तोंड माझ्या पदरानं पुसत त्यांना वाट्टेल ते बोलत होते. दवाखान्याची गाडी केव्हाची येऊन उभी होती. त्यातला माणूस धावत आला, छातीवर दोन्ही हातांनी दाबत राहिला, थांबला, डोळ्यांत बॅटरी मारली, मानेला बोटं लावली. बराच वेळ लावून ठेवली. मग तो माझ्याकडे न बघता मॅडमकडे बघायला लागला.

‘आत्ताच,’ तो म्हणाला. ‘फार वेळ नाही झालेला.’

ते ‘आत्ताच’ माझ्या अंगात शिरलं ते अजून आहे. पश्चिमेच्या त्या गाळानं भरलेल्या घरात आम्ही किती वेळ घालवला, ते मला कुणी सांगू नये. मला ठाऊक आहे.

मॅडम दिवा घेऊन त्या भोकात वाकून बघत होत्या. त्यांनी मला हाक मारली नाही, पण मी गेले. आत, ते पडले होते त्या जागेशेजारी, विटा होत्या. खालून काढलेल्या, एकामागून एक. अंधारात, मातीत, श्वास कोंडत असताना त्यांनी त्या फेकल्या नव्हत्या. ज्या क्रमानं निघाल्या त्या क्रमानं रांगेत मांडल्या होत्या. कुणीतरी वरून येतंय, ह्या भरवशावर केलेलं काम होतं ते. मी ‘कळलं’ म्हणाले होते ना. रांगेतली शेवटची वीट नीट बसली नव्हती, तिरकी होती. मॅडमनी दिवा खाली ठेवला आणि तोंडावर हात धरला.

ह्यांना गाडीत घातलं. माणसं हळूहळू मागे सरली, कुणी घमेली गोळा करत होतं. मी मोरीच्या काठावर बसले होते. कुणी पाणी आणून दिलं, ते माझ्या हातात तसंच राहिलं. भावजी आले आणि समोर उभे राहिले. त्यांची बोटं सोलून निघाली होती.

‘ऊठ, धाकटे,’ ते म्हणाले. ‘आपल्या घरी जाऊ.’

त्या शब्दाचा मला असा संताप आला की हातातलं पाणी मी फेकून दिलं. ‘आपल्या म्हणजे कुणाच्या?’ मी ओरडले. ‘नीट सांगा! आपल्या म्हणजे कुणाकुणाच्या, एकेकाचं नाव घेऊन सांगा मला!’

भावजी तिथेच, त्या लांब चुलीच्या कडेवर, मटकन बसले. इतका मोठा माणूस मी कधी असा रडताना पाहिला नव्हता.

थोरली माझ्याशेजारी येऊन बसली. तिनं माझा हात घेतला आणि लहान पोराला शिकवावं तसं एकेक बोट मिटत गेली. ‘तुझ्या,’ ती म्हणाली. ‘माझ्या. यांच्या.’ चौथं बोट तिनं बराच वेळ नुसतं धरून ठेवलं, मग तेही मिटलं. ‘आणि त्यांच्या. कळलं?’

‘कळलं’ हा शब्द मला पुन्हा उच्चारता येईना. मी तिच्या खांद्याला धरून उठले.